जमिनींतील धातूचा शोध : जागा कशी निवडावी व धोका कसा टाळावा

हल्लीं जमिनींत गाडली गेलेली धातूची वस्तु शोधून काढणारें विजेचें यंत्र, ज्यास लोक मेटल डिटेक्टर म्हणतात, तें बाजारांत सहज मिळूं लागलें आहे. कोथरूडच्या जुन्या जमीनदार मंडळींत, आणि विशेषतः मुळशी व हवेली तालुक्यांत ज्यांचीं शेतें अद्याप कसलीं जात आहेत अशा सभासदांत, या यंत्राविषयीं बरीच जिज्ञासा दिसून येते. कोणास जुना वाडा पाडण्यापूर्वीं त्याची जागा एकदां तपासून घ्यावी असें वाटतें. कोणास नांगराचा हरवलेला फाळ शोधावयाचा असतो. आणि कोणाच्या मनांत, तो बोलून दाखवो अगर न दाखवो, आजोबांनीं पुरलेल्या हंड्याची गोष्ट घोळत असते. महसुली कारकुनींत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें गांवनकाशे, टिपणें व फेरफार यांचा परिचय आम्हांस थोडाबहुत आहे. त्या आधारें, कोणती जागा शोधास योग्य, कोणती निष्फळ, आणि कोणती जागा आशेची असूनहि सर्वथा वर्ज्य, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

धन जमिनींत कां जातें

ज्या काळीं बँका नव्हत्या आणि वाटा निर्धास्त नव्हत्या, त्या काळीं जमीन हीच सामान्य माणसाची तिजोरी होती. पुण्याच्या परिसरावर तर असे प्रसंग वारंवार आले. १७६३ सालीं निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. १८०२ च्या ऑक्टोबरांत हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांचा जय झाल्यावर शहरांतील सधन लोकांकडून सक्तीनें पैसा वसूल करण्यांत आला, व त्या धामधुमीच्या पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई होऊन पेशव्यांचा अंमल उठला. १८९७ सालीं प्लेगमुळें लोक घरेंदारें सोडून रानांत झोंपड्या बांधून राहिले. अशा प्रत्येक वेळीं कोणी रुपयांचा गडवा उंबऱ्याखालीं, कोणी दागिन्यांचें गाठोडें चुलीमागें, तर कोणी गोठ्यांतील दावणीखालीं ठेवून दिलें असल्यास नवल नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्यांनीं धन पुरलें त्यांपैकीं बहुतेकांनीं तें संकट टळतांच पुन्हां काढून घेतलें. जो मालक परत आला नाहीं, अगर वारसांस जागा सांगण्यापूर्वींच वारला, त्याचेंच तेवढें जमिनींत राहिलें. म्हणून प्रत्येक जुन्या वाड्याखालीं हंडा असलाच पाहिजे, ही समजूत निराधार होय. पुरलेल्या धनाहून पडलेलें धन संख्येनें कितीतरी अधिक असतें. जत्रेंत कनवटीचा पैसा गळतो, खळ्यावर मळणी करतांना बोटांतील आंगठी जाते, विहिरीवर पाणी ओढतांना जोडवें निसटतें. यंत्र घेऊन हिंडणारास शिवराई, ढबू पैसा, अगर कंपनी सरकारच्या वेळचें तांब्याचें नाणें मिळतें तें बहुधा याच मार्गानें. पुरलेलें शोधणें आणि पडलेलें शोधणें हीं दोन कामें निराळीं असून त्यांच्या जागाहि निराळ्या आहेत.

यंत्राची शक्ति किती

यंत्राच्या टोंकास तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह सोडला म्हणजे वेटोळ्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तें जमिनींतील धातूस लागलें कीं धातूंत लहान लहान प्रवाह खेळूं लागतात, व त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्यास लागून कानांत नाद येतो. या तत्त्वाचा उपयोग अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं केला होता. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्याचा तो प्रयत्न होता. परंतु तो साधला नाहीं, आणि रुग्णाच्या खाटेंतील लोखंडी स्प्रिंगांनीं यंत्रास चकविलें, हें त्याचें एक कारण सांगतात. दुसऱ्या महायुद्धांत हेंच तत्त्व भूसुरुंग शोधण्यास लावण्यांत आलें.

यांतून शेतकऱ्यानें दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, जवळपास लोखंड असेल तर यंत्राची वाणी विश्वसनीय राहत नाहीं. तारेचें कुंपण, पत्र्याचें छप्पर, बोअरची लोखंडी नळी, विजेची तार यांपासून चार हात दूर राहूनच शोध करावा. दुसरी ही कीं, आमच्या भागाचा खडक ज्वालामुखीच्या रसाचा काळा पाषाण असून त्यापासून झालेली माती व मुरूम लोहयुक्त आहे. अशा मातींत यंत्र नुसत्या दगडावरहि बोलतें. यास्तव ज्या यंत्रांत जमिनीप्रमाणें तोल जुळविण्याची सोय नाहीं तें आमच्याकडे निरुपयोगी समजावें.

खोलीविषयीं पुष्कळ भ्रम आहेत. सुटें नाणें साधारणतः सहा ते दहा इंचांपर्यंत कळतें. मोठें भांडें कांहीं फुटांपर्यंत कळूं शकतें. "शंभर फुटांवरील सोनें दाखवितों," असें म्हणून हातांत फिरता दांडा देणारा मनुष्य ठक आहे असें खुशाल समजावें. असाच फिरता दांडा स्फोटकें ओळखणारें यंत्र म्हणून इराक देशांत मोठ्या किमतीस विकला गेला, आणि विकणारास २०१३ सालीं इंग्लंडांत दहा वर्षांची शिक्षा झाली. जेथें सरकारें फसलीं तेथें शेतकऱ्यानें अधिक सावध असावें.

काळी आणि पांढरी

जागा निवडण्याचें सर्वांत उत्तम साधन आपल्या पूर्वजांनींच भाषेंत ठेवून दिलें आहे. गांवाचे दोन भाग, एक काळी व दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडून, चुलींची राख मिसळून, ती माती भुरकट पांढरी होते. काळ्या शेतामध्यें एकादाच पांढरा पट्टा, तेथें खापराचे तुकडे व बांगड्यांच्या काचा, आणि जमीन किंचित् उंचावलेली, असें दिसल्यास तेथें पूर्वीं वस्ती होती हें निश्चित जाणावें.

यास कागदाचीहि साक्ष मिळते. महसुली दप्तरांत कांहीं गांवें "बेचिराख" म्हणून लिहिलेलीं असतात; म्हणजे जेथें दिवा लावण्यास मनुष्य उरला नाहीं अशीं. जुन्या गांवनकाशावर उठून गेलेल्या वस्त्या, पाणंदी, ओढ्याचे उतार, बाजारतळ व देवळें दाखविलेलीं असतात. शेतांचीं नांवेंहि बोलकीं असतात. "गांवखोरी", "पांढरीचें शेत", "वाड्याचा मळा", "बाजारपट्टी" हीं नांवें उगाच पडलेलीं नसतात. यंत्र विकत घेण्यापूर्वीं मनुष्यानें नकाशाची नक्कल घ्यावी आणि गांवांतील वडीलधाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसावें. त्यास खर्च थोडा व लाभ मोठा.

आशेच्या जागा

आपल्या स्वतःच्या, अगर मालकाच्या लेखी संमतीनें दुसऱ्याच्या, खाजगी जमिनींत पुढील जागा शोधास योग्य होत.

(१) जुनें खळें. येथें वर्षानुवर्षें माणसें राबलीं, बलुतेदारांस वांटे दिले गेले. जमीन चोपून घट्ट केलेली असल्यामुळें पडलेली वस्तु फार खोल जात नाहीं. आमच्या मतें पहिला प्रयोग येथेंच करावा.

(२) मोटेच्या विहिरीची धाव व तिच्या बाजूची सावलीची जागा. मात्र विहिरीच्या कांठापासून दहा फुटांच्या आंत खणूं नये. जुनें दगडी बांधकाम पाण्यानें पोखरलेलें असतें आणि तें कोसळण्यापूर्वीं सूचना देत नाहीं.

(३) खाजगी जमिनींतून जाणारी जुनी पाऊलवाट व ओढ्याचा उतार, तसेंच ज्या मोठ्या झाडाखालीं वाटसरू विसांवा घेत तें झाड. झाडाच्या मुळ्या तोडूं नयेत. चार आण्यांच्या नाण्यासाठीं शंभर वर्षांचा वड घालविणें हा व्यवहार नव्हे.

(४) पाडावयाच्या जुन्या घराची जागा. हीच आज सर्वांत महत्त्वाची होय, व कोथरूडकरांनीं इकडे विशेष लक्ष द्यावें. कोथरूड हें एके काळीं पुण्याच्या पश्चिमेकडील स्वतंत्र शेतीचें गांव; म्हातोबाच्या टेंकडीच्या पायथ्याशीं वसलेलें, व पौड-मुळशीकडे जाणाऱ्या वाटेवरचें. आज तेथें उंच इमारती उभ्या असून २०२२ च्या मार्चपासून वनाज येथून मेट्रोहि धांवत आहे. गांवठाणांतील जुनीं घरें एकामागून एक पाडलीं जात आहेत. घर पाडतांना खोदयंत्राचा एक फावडा पांच मिनिटांत जितकी माती उचलतो तितकी गड्यानें दिवसभरांत उकरली नसती. आणि ती माती मालकानें पाहण्यापूर्वींच ट्रकांत पडून कोठें तरी भरावास जाते. म्हणून करारपत्रावर सही करण्यापूर्वींच, घर रिकामें झाल्यावर, उंबरा, देवघर, माजघराचे कोपरे, चूल, दावण व पेंवाची जागा यंत्रानें तपासून घ्यावी. आणि जमिनींत कांहीं मिळाल्यास त्याची खबर कोण व कशी देणार हें करारांतच लिहून घ्यावें. हें एक कलम नसल्यामुळें उद्यां मालक, ठेकेदार व मजूर या तिघांवरहि बालंट येऊं शकतें.

निष्फळ जागा

ताल-बांधबंदिस्ती करून ज्या शेताची माती सरकविली, अगर ज्यांत तळ्याचा गाळ बाहेरून आणून टाकला, त्या शेतांत शोध करणें म्हणजे दुसऱ्याच्या घरचें कोडें आपल्या घरीं सोडविणें होय. मुठेच्या कांठचीहि गोष्ट तशीच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून जो लोंढा आला त्यानें कांठची माती खरवडून नेली व दुसरी आणून टाकली. तेथें मिळालेल्या वस्तूवरून जागेचा इतिहास सांगतां येत नाहीं. शहराचा केरकचरा जेथें पडला ती जागाहि टाळावी. कोथरूडचा जुना कचरा डेपो, जेथें आतां मेट्रोच्या गाड्यांचें आगार झालें आहे, अशा ठिकाणीं यंत्र पावलोपावलीं बोलतें. पण मिळतात ते डबे, खिळे व कांच, आणि हातास जखम होऊन धनुर्वाताची भीति ती निराळीच.

वर्ज्य जागा

आतां ज्या जागीं आशा असूनहि पाऊल टाकूं नये त्या सांगतों.

पहिल्या, संरक्षित स्मारकें. शनिवारवाडा, पाताळेश्वराचें लेणें, कार्ले, भाजे, लोहगड, शिवनेरी इत्यादि ठिकाणीं परवान्यावांचून खोदणें हा गुन्हा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यास २०१० सालीं जी दुरुस्ती झाली तीप्रमाणें केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांचा पट्टा नियंत्रित आहे. राज्य सरकारच्या संरक्षणाखालील स्मारकांसाठीं १९६० चा निराळा कायदा आहे.

दुसऱ्या, वनखात्याच्या जमिनी. वेताळ टेंकडीच्या बाजूस फिरावयास जाणें निराळें आणि कुदळ घेऊन जाणें निराळें. राखीव वनांत माती उकरण्याससुद्धां मनाई आहे.

तिसऱ्या, लष्करी हद्दी व त्यांच्या लगतच्या जमिनी. पुण्याभोंवतीं खडकी, देहूरोड, खडकवासला अशीं लष्करी ठाणीं आहेत. जुना गोळा अगर काडतूस गंजलेलें असलें तरी निर्जीव झालेलें असतेंच असें नाहीं. तशी वस्तु दिसल्यास तीस हात लावूं नये, तीवर पाणी ओतूं नये, ती उचलून चावडीवर नेऊं नये. खूण करून दूर व्हावें व ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावें.

चौथ्या, स्मशानें, समाध्या, कबरस्थानें व देवस्थानें. येथें कायद्यापेक्षांहि मोठी गोष्ट गांवाच्या भावनेची आहे.

पांचव्या, शहरांतील रस्त्यांच्या व सोसायट्यांच्या कडा. तेथें विजेच्या केबली व गॅसचे नळ फूट-दोन फुटांवर असूं शकतात. यंत्रास केबल व हंडा यांतील भेद कळत नाहीं, आणि कुदळीस तर मुळींच कळत नाहीं.

सहाव्या, खऱ्याखुऱ्या प्राचीन वस्तीचीं टेकाडें, मग तीं आपल्या सातबाऱ्यावर असोत. यांचें कारण थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे.

वस्तूपेक्षां जागेचें मोल

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें सोन्याचे हंडे निघाले नाहींत. निघालीं तीं सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें, धान्याचीं कोठारें, जवाचे दाणे, आणि पाणी वळविण्यासाठीं काढलेला पाट. आमच्याच भागांतील कुणबी त्या काळीं काय पिकवीत व पाणी कसें आणीत हें जगास कळलें तें या मातीचे थर जसेच्या तसे राहिले म्हणून. तेथें कोणी यंत्र घेऊन खड्डे पाडले असते तर त्यास कदाचित् तांब्याची एकादी तार मिळाली असती, आणि आपल्या धंद्याचा इतिहास मात्र गेला असता.

उलट बाजूचें उदाहरण पाहावें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा मिळाला. नाणीं तेरा हजारांहून अधिक. तीं नहपान क्षत्रपाचीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला. सातवाहनांनीं क्षत्रपांचा पराभव केला याचा असा धडधडीत पुरावा दुसरा क्वचित्. दहा-वीस नाणीं पाहून हें प्रमाण कळलें नसतें; सांठा बव्हंशीं एकत्र हातीं लागला म्हणून कळलें. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा प्रसिद्ध ताम्रपट पुण्यांत एका तांबटाच्या घरीं मिळाला. तो मुशींत गेला नाहीं हें आपलें सुदैव. कारण ही राणी दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या होती हें त्यावरून कळलें व वाकाटकांचा काळ ठरविण्यास आधार मिळाला.

आणि तिसरें उदाहरण दायमाबादचें. अहिल्यानगर (जुनें अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं १९७४ सालीं एक भिल्ल शेतकरी झुडपाचें मूळ खणीत असतां त्यास ब्राँझच्या चार वस्तु लागल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचें एकंदर वजन साठ किलोंहून अधिक. मोडीच्या भावानें त्या विकल्या गेल्या असत्या तर महिन्या-दोन महिन्यांचा खर्च भागला असता. त्या सरकारांत आल्या, त्यांवरून त्या जागीं पुढें मोठें उत्खनन झालें, आणि आज भारताच्या प्राचीन शिल्पाचें कोणतेंहि पुस्तक त्यांच्यावांचून पुरें होत नाहीं.

कायदा काय म्हणतो

"सांपडलें तें सरकारचें" अशी समजूत सर्वत्र आहे, आणि तिच्यामुळेंच लोक लपवालपवी करतात. वस्तुतः १८७८ चा भारतीय निखात निधि कायदा इतका कठोर नाहीं. त्याचा सारांश येणेंप्रमाणें :

जमिनींत दडलेली कोणतीहि मौल्यवान वस्तु म्हणजे निधि. तिची किंमत दहा रुपयांवर असल्यास शोधकानें शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यास लेखी खबर द्यावी. तींत वस्तूंचें स्वरूप व अजमासें किंमत, जागा आणि तारीख असावी. वस्तु नजीकच्या सरकारी खजिन्यांत जमा करावी अगर मागतांच हजर करण्याबद्दल जामीन द्यावा. जिल्हाधिकारी जाहिरनामा काढतात व चार महिन्यांनंतरची आणि सहा महिन्यांच्या आंतली तारीख दावेदारांसाठीं नेमतात. शंभर वर्षांच्या आंत तें धन आपण अगर आपल्या पूर्वजानें पुरलें असें सांगणारा हजर झाल्यास त्यास दिवाणी दाव्याची मुदत मिळते. म्हणजे आजोबांचा हंडा पुराव्यानिशीं घरांत येऊं शकतो. मालक न ठरल्यास निधि बेवारस जाहीर होतो, आणि मग शोधक व जमीनमालक यांत, निराळा करार नसल्यास, तीन हिस्से शोधकास व एक हिस्सा मालकास मिळतो. सरकारास वस्तु ठेवून घ्यावयाची असल्यास धातूची किंमत व शिवाय तिचा एक पंचमांश द्यावा लागतो.

खबर न देणाराचा हिस्सा मात्र जप्त होऊन त्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड अगर दोन्ही. आणि मालकानें त्यास साह्य केल्यास त्याचाहि हिस्सा जाऊन सहा महिन्यांपर्यंत कैद. या शिवाय १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तु परदेशीं नेतां येत नाहीं व परवान्याशिवाय तिच्या विक्रीचा धंदा करतां येत नाहीं.

हें सर्व पुस्तकांतच राहतें असें कोणी समजूं नये. पिंपरी-चिंचवडजवळ चिखली येथें बांधकामाच्या खोदाईंत मजुरांस मोगल काळचीं २१६ सोन्याचीं नाणीं मिळालीं. वजन २,३५७ ग्रॅम. त्यांनीं खबर दिली नाहीं. २०२१ च्या मार्चांत पोलिसांनीं तीं जप्त केलीं. वेळेवर एक अर्ज गेला असता तर कायद्यानें ज्यांचा मोठा हिस्सा होऊं शकला असता, त्यांच्यामागें चौकशी लागली. गरिबाच्या हातून लाभ जाण्यास लोभापेक्षां अज्ञान अधिक कारण होतें, आणि तें अज्ञान दूर करणें हें आपल्यासारख्या लिहितां-वाचतां येणाऱ्या जमीनदारांचें काम आहे. आपल्या गड्यास हा कायदा आपण सांगितला नाहीं तर त्यास कोण सांगणार?

मांत्रिकास उंबऱ्यांत घेऊं नये

गुप्तधनाचा विषय निघाला कीं पायाळू माणूस, काजळ, लिंबू व अमावास्या हीं मागोमाग येतात. मानवत येथें १९७२ ते १९७४ च्या दरम्यान जीं भयंकर हत्याकांडें झालीं त्यांच्या मुळाशीं धनाची व संततीची हीच अभिलाषा होती. उत्तर प्रदेशांत डौंडियाखेडा येथें एका साधूच्या स्वप्नावरून २०१३ च्या ऑक्टोबरांत हजार टन सोन्यासाठीं खुद्द पुरातत्त्व खात्याकडून खोदाई झाली. सोनें निघालें नाहीं. महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें अशा अघोरी प्रथांस सहा महिने ते सात वर्षें कैद व पांच ते पन्नास हजार रुपये दंड ठेविला आहे. जमिनींत धन असलें तर तें तांब्यासारखें व चांदीसारखेंच पडून असतें. त्यास बळी लागत नाहीं.

शोधाची रीति

सुगी उरकल्यावर व पुढील नांगरटीपूर्वीं, जमिनींत थोडी ओल असतांना, शोध करावा. ओलींत यंत्र चांगलें चालतें. शेतावर दोऱ्या ताणून दहा-दहा फुटांचे चौकोन पाडावे व प्रत्येक चौकोन दोन दिशांनीं तपासावा. नाद येईल तेथें खुरप्यानें गवताचा चौकोनी टवका उचलून बाजूस ठेवावा, माती फडक्यावर काढावी, आणि काम होतांच खड्डा बुजवावा; उघड्या खड्ड्यांत जनावराचा पाय मोडतो. सुटें नाणें निघाल्यास चौकोनाचा क्रमांक व खोली वहींत टिपावी. नाणें चिंचेनें अगर राखेनें घासूं नये; घासल्यानें अक्षरें जातात व अक्षरांबरोबर किंमतहि जाते.

मडकें, एकत्र चिकटलेलीं नाणीं, मूर्ति अगर ताम्रपट लागल्यास मात्र हात तेथेंच थांबवावा. या बाबतींत इंग्लंडांतील हॉक्सन गांवची गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावी. १९९२ च्या नोव्हेंबरांत तेथील एका कुळाचा हातोडा शेतांत हरवला. त्याच्या स्नेह्यानें तो शोधण्यास यंत्र फिरविलें, तों रोमन काळचीं सोन्याचांदीचीं नाणीं व दागिने लागले. थोडें निघतांच त्यांनीं खणणें थांबवून अधिकाऱ्यांस कळविलें. पुराणवस्तुतज्ज्ञांनीं सर्व सांठा जागच्या जागीं पाहून काढला. नाणींच सुमारें पंधरा हजार भरलीं. शोधकास साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालें व त्यानें तें त्या शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. हातोडाहि मिळाला, आणि तोसुद्धां आतां ब्रिटिश म्यूझियमांत आहे.

खबरेच्या अर्जासाठीं मसुदा पुढें देतों. धातूची परीक्षा होईपर्यंत "सोन्याचीं" असें न लिहितां "पिवळ्या धातूचीं" असें लिहावें. पुढें वाद उरत नाहीं.

"मा. जिल्हाधिकारी, पुणें, यांचे सेवेसी. अर्जदार अमुक, राहणार मौजे अमुक, तालुका अमुक. विनंति अर्ज ऐसा जे, मौजे मजकूर येथील गट नंबर अमुक, भोगवटादार अमुक, या जमिनींत तारीख अमुक रोजीं अमुक काम चालू असतां अमुक फूट खोलीवर मातीचें मडकें आढळलें. त्यांत पांढऱ्या धातूचीं नाणीं नग अमुक, अजमासें वजन अमुक, किंमत अजमासें अमुक. १८७८ च्या निखात निधि कायद्याचे कलम ४ अन्वयें ही खबर देत आहें. सदर जिन्नस सरकारी खजिन्यांत जमा करण्यास तयार आहें. अर्जाची पोंच मिळावी. कळावें."

अर्जाची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवावी व पोंच घेतल्यावांचून कचेरी सोडूं नये. एक प्रत पोलिस ठाण्यांत व एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे दिल्यास उत्तम.

यंत्राचा नित्य उपयोग

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. धन मिळो न मिळो, शेतकऱ्यास या यंत्राचा दुसरा उपयोग निश्चित आहे. कडब्यांत व वैरणींत तारेचे तुकडे व खिळे जातात. जनावर तें गिळतें, तें जाळीदार पोटांत रुततें, व तेथून हृदयापर्यंत पोंचून चांगली दुभती गाय दगावते. गोठा, गव्हाण, वैरणीची जागा व घर बांधल्यानंतरचें अंगण वर्षांतून दोनदां यंत्रानें तपासून खिळे वेंचून काढावे. नांगराचा फाळ, ट्रॅक्टरची खीळ, हद्दीच्या दगडाशेजारीं पुरलेली लोखंडी खूण हींहि याच यंत्रानें सांपडतात. एका गांवांत दहा सभासदांनीं मिळून एक यंत्र घेतल्यास कोणासहि भार पडणार नाहीं.

ज्या सभासदांच्या जमिनींत पांढरीचें टेकाड असेल त्यांनीं तें सपाट करण्यापूर्वीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजास अगर पुरातत्त्व संचालनालयास एक पत्र लिहावें. आणि ज्यांचे कोथरूड गांवठाणांतील वाडे पाडावयाचे ठरले आहेत त्यांनीं खोदयंत्र दारांत येण्यापूर्वीं आपली जागा आपण पाहून घ्यावी, एवढीच आमची विनंति आहे.